पातळ नळ्यांच्या वेल्ड जोडातला हॉट स्पॉट: सिम्युलेशनचा आकडा गेजशी कसा ताडून पाहायचा

प्रश्न थोडक्यात असा. ३८.१ × २.० मिमीची (बाहेरचा व्यास × भिंतीची जाडी) कॉर्ड, म्हणजे मुख्य नळी, उभी धरली आहे. तिला काटकोनात २५.४ × १.६ मिमीची ब्रेस, म्हणजे जोडलेली नळी, टिग वेल्ड केली आहे. ब्रेसच्या टोकाला, कॉर्डच्या पृष्ठभागापासून २५० मिमीवर, २० किलोचं वजन टांगलं आहे. सिम्युलेशनमध्ये वेल्डच्या टोपाशी, म्हणजे वेल्डची कड नळीला मिळते तिथे, १ मिमी मेशला, म्हणजे मॉडेल १ मिमीच्या तुकड्यांत विभागल्यावर, २१० एमपीए, ०.५ मिमीला २६३ आणि ०.२५ मिमीला ३३० एमपीए येतात. कॉर्डवर टोपापासून ५ मिमीवर लावलेला स्ट्रेन गेज (पृष्ठभाग किती ताणला गेला ते मोजणारी चिकटपट्टी) ३९० मायक्रोस्ट्रेन, म्हणजे लांबीच्या दहा लाख भागांत ३९० भागांची वाढ, दाखवतो, म्हणजे सुमारे ८० एमपीए. खरं कोणतं मानायचं?

यातला एकही आकडा दुसऱ्याशी ताडून पाहण्याजोगा नाही, हे आधी मान्य करा. २१०, २६३, ३३० ही मालिका पाहा: मेश निम्मा केला की दर वेळी स्ट्रेस सव्वापट. हा योगायोग नाही. टोपाशी वेल्ड आणि नळी यांच्यामधला कोन तुम्ही साधारण १३५ अंशांचा आणि तीक्ष्ण काढला आहे. अशा कोपऱ्यात लवचीक सिद्धांताप्रमाणे स्ट्रेस अंतराच्या उणे ०.३२६ घातांकाने वाढतो, म्हणजे अंतर निम्मं झालं की २ चा ०.३२६ घात, सुमारे १.२५ पट. मेश आणखी बारीक केलात तर ४१०, मग ५१०, आणि हे कुठेच थांबणार नाही. टोपावरच्या नोडचा, म्हणजे मेशच्या बिंदूचा, आकडा हा मेशचा गुणधर्म आहे, जोडाचा नाही. तो रिपोर्टात घालू नका आणि गेजशी तर मुळीच जुळवू नका.

उलट बाजूने, गेजचे ३९० मायक्रोस्ट्रेन हे एका जागच्या, एका दिशेच्या स्ट्रेनचं मोजमाप आहे. त्याला नुसतं यंगच्या गुणांकाने (पोलादाच्या ताठपणाच्या आकड्याने) गुणलं की स्ट्रेस एकाच दिशेत आहे असं गृहीत धरलं जातं. वेल्डजवळ ते खोटं ठरतं, कारण वेल्ड नळीला आडवी आकसू देत नाही. वेल्डला समांतर स्ट्रेन शून्य धरला तर गुणक १.१० होतो; तोच लंब स्ट्रेनच्या ०.३ पट असेल तर १.२०. गोल नळ्यांच्या जोडात साधारण १.२ आणि चौकोनी नळ्यांच्या जोडात १.१ वापरायची प्रथा यातूनच आली. तुमचे ८० एमपीए खरं तर ८८ ते ९६ च्या दरम्यान कुठेतरी आहेत.

तेव्हा पडताळणी कशाची करायची हे आधी ठरवा. माझं मत स्पष्ट आहे: दोन मिमीच्या भिंतीवर हॉट स्पॉट स्ट्रेस (टोपाच्या स्थानिक तीक्ष्णपणाचा परिणाम वगळून टोपाशी येणारा स्ट्रेस) मोजायच्या फंदात पडू नका. टोपापर्यंत चढत जाणारा स्ट्रेनचा उतार मोजा, तो मॉडेलशी जुळवा, आणि जुळलेल्या मॉडेलमधून हॉट स्पॉट काढा. याचं कारण गणितातच आहे.

जाड नळ्यांसाठी सिडेक्ट या पोकळ नळ्यांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या आठव्या डिझाइन गाइडमध्ये एक्स्ट्रापोलेशनची, म्हणजे टोपाबाहेरच्या बिंदूंवरून रेषा वाढवून टोपाचा आकडा काढायची, जागा दिली आहे. पहिला बिंदू टोपापासून ०.४ पट जाडीवर, पण किमान ४ मिमी. शेवटचा बिंदू ब्रेसवर ०.६५ गुणिले (त्रिज्या × जाडी)चं वर्गमूळ. तुमच्या ब्रेसवर ते २.९ मिमी येतं. कॉर्डच्या क्राउनवर, म्हणजे कॉर्डच्या लांबीच्या रेषेतल्या बिंदूवर, शेवटच्या बिंदूचं अंतर २.१ मिमी येतं. सॅडलवर, म्हणजे बाजूच्या बिंदूवर, १.७ मिमी. म्हणजे सुरुवातीचा बिंदू शेवटच्याच्या पलीकडे गेला! हा नियम ४ मिमी आणि त्याहून जाड भिंतींसाठी बांधलेला आहे. तुमच्या नळीवर ४ मिमीवर गेज लावला की स्थानिक वाकणुकीचा मोठा भाग तोपर्यंत विरून गेलेला असतो आणि एक्स्ट्रापोलेशन कमी आकडा देतं. ०.४ पट जाडी म्हणजे ०.८ मिमी, तिथे गेजची जाळी, म्हणजे मोजणारा बारीक तारेचा भाग, ठेवायची म्हटलं तर तिचं पाठीचं प्लास्टिकच वेल्डवर चढेल.

आता क्रमाने घेऊ. काम वेल्डपासून लांबून सुरू करायचं. लांबचा स्ट्रेन जुळल्याशिवाय जवळचा पाहायचाही नाही.

ब्रेसवर कॉर्डच्या पृष्ठभागापासून ६० मिमीवर चार गेज, ९० अंशांच्या अंतराने: वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. २० किलो म्हणजे १९६ न्यूटन, हात १९० मिमी, म्हणून बेंडिंग मोमेंट ३७,३०० न्यूटन-मिमी. नळीचा सेक्शन मॉड्युलस ६७० घन मिमी. स्ट्रेस ५५.६ एमपीए, स्ट्रेन सुमारे २७० मायक्रोस्ट्रेन. वरच्या गेजवर अधिक, खालच्यावर तितकाच उणे, बाजूच्या दोन्हींवर जवळजवळ शून्य यायला हवं. बाजूचे गेज १५ मायक्रोस्ट्रेनच्या वर गेले तर वजन ब्रेसच्या मधल्या पातळीत टांगलेलं नाही किंवा गेज फिरून बसले आहेत. वर आणि खाली दोन्ही एकाच प्रमाणात जास्त दाखवत असतील तर भिंत मोजा. कागदावरची १.६ मिमी भिंत हातात १.५ निघाली तर स्ट्रेन ५.४ टक्क्यांनी वाढतो, आणि असा फरक बाजारच्या ईआरडब्ल्यू (पट्टी गोल वळवून विजेने शिवण जोडलेल्या) नळीत सहज सापडतो. अल्ट्रासोनिक थिकनेस गेजने परिघावर निदान आठ ठिकाणी मोजा किंवा उरलेल्या तुकड्याची कापलेली कड मायक्रोमीटरने मोजा. मॉडेलमध्ये मोजलेली जाडी घाला. नळीचा शिवणीचा जोड हॉट स्पॉटवर येणार नाही अशी नळी आधीच फिरवून बसवलेली हवी. आतल्या बाजूला उरलेला बीड जाडी आणि स्ट्रेन दोन्ही बिघडवतो.

वजन टांगणं हे हायड्रॉलिक जॅकपेक्षा इथे चांगलं, कारण बल नक्की माहीत असतं. फक्त हुक आणि ताट धरून सगळं काट्यावर तोलून घ्या. ५, १०, १५, २० किलो असे टप्पे चढवा आणि तसेच उतरवा. पहिली तीन-चार आवर्तनं नोंदीत धरू नका. वेल्डमध्ये अडकलेले अवशिष्ट ताण पहिल्या भाराच्या वेळी थोडे सैल होतात, क्लॅम्प बसतात. त्यानंतर शून्य करा. चढता-उतरता आलेख सरळ रेषेत यायला हवा आणि शून्यावर परतताना ५ ते १० मायक्रोस्ट्रेनच्या आत. अवशिष्ट ताणांचा या मोजणीवर एरवी परिणाम होत नाही, कारण गेज वेल्डिंगनंतर चिकटवला आहे आणि तो फक्त बदल पाहतो. फटीगच्या (पुन्हापुन्हा भार येऊन तुटण्याच्या) आयुष्याचा हिशेब करताना मात्र त्यांना विसरून चालणार नाही.

मग फिक्स्चर, म्हणजे नमुना धरून ठेवणारी व्यवस्था. ताळा न बसण्याचं सर्वांत मोठं कारण मेश नसून फिक्स्चर असतं. तुमच्या जोडात टोपाजवळचा मोमेंट सुमारे ४९,००० न्यूटन-मिमी आहे. कॉर्ड दोन्ही टोकांना घट्ट धरली असेल तर तो वरच्या आणि खालच्या भागात निम्मानिम्मा जातो आणि वरच्या क्राउनपाशी कॉर्डच्या स्वतःच्या वाकण्याचा १२.६ एमपीए ताण मिळतो. वरचं टोक मोकळं असेल तर हा भाग शून्य; फक्त वरचंच टोक धरलं असेल तर २५ एमपीए. मॉडेलमध्ये दोन्ही टोकं 'फिक्स्ड' आणि प्रत्यक्षात एका बाजूचा व्हाइस ढिला, अशा वेळी एवढ्या एका गोष्टीने सगळा हिशेब चुकतो. कॉर्डच्या दोन्ही टोकांच्या ब्लॉकवर दोन-दोन डायल गेज लावा, सरकणं आणि फिरणं मोजा, आणि मोजलेलं फिरणंच मॉडेलच्या टोकांना द्या. कॉर्डची लांबी व्यासाच्या सहापटीहून कमी, म्हणजे इथे २३० मिमीहून कमी ठेवू नका. टोकाच्या प्लेट नळीला गोल धरून ठेवतात आणि त्याचा परिणाम जोडापर्यंत पोचतो.

लांबचं सगळं ५ टक्क्यांत बसलं की मगच टोपाकडे या.

इथे एक-एक सुटा गेज लावू नका. एकाच पट्टीवर पाच जाळ्या, जाळ्यांमधलं अंतर १ मिमी, अशी चेन गेज मिळते, ती वापरा. पट्टीची कड शक्य तितकी टोपाजवळ आणा, पहिल्या जाळीचा मध्य टोपापासून १.५ ते २ मिमीवर बसेल. गेज पोलादासाठी तापमान-भरपाई केलेला, म्हणजे ११ पीपीएम प्रति अंश सेल्सिअसवाला हवा. दुकानात ॲल्युमिनियमचा, २३ वाला, पडून असतो आणि तोच घाईत लागतो. जोडणी तीन तारांची. जाळी लहान असल्याने ब्रिजला व्होल्टेज कमी द्या, २ ते २.५ व्होल्ट पुरे. पाच व्होल्टला लहान जाळी गरम होऊन आकडा सरकत राहतो.

पृष्ठभाग तयार करताना ग्राइंडर अजिबात नको. पातळ भिंतीवर ०.१ मिमी घासली गेली तरी आकडा बदलतो, आणि टोप गोल झाला तर तुम्ही तपासायला घेतलेला जोडच उरला नाही. स्पॅटर छिन्नीने अलगद काढा, २२० आणि मग ४०० नंबरचा पॉलिश पेपर, ॲसिटोन, एकाच दिशेने पुसणं, रेघ पेन्सिलने. कार्बाइडच्या सुईने ओरखडा मारला तर क्रॅकला आमंत्रण. चिकटवल्यावर जाळी आणि नळी यांच्यामधला इन्सुलेशन रेझिस्टन्स हजार मेगाओमच्या वर हवा.

चिकटवून झाल्यावर सर्वांत महत्त्वाचं काम, जे बहुतेक जण करत नाहीत: जाळी प्रत्यक्षात कुठे बसली ते मोजा. स्केल शेजारी ठेवून मॅक्रो फोटो काढा आणि टोपापासून प्रत्येक जाळीच्या मध्यापर्यंतचं अंतर ०.१ मिमीपर्यंत वाचा. या जोडात २ मिमीच्या आसपास उतार सुमारे ९० मायक्रोस्ट्रेन प्रति मिमी असू शकतो. अर्ध्या मिमीची चूक म्हणजे ४५ मायक्रोस्ट्रेन, मूळ आकड्याच्या आठ टक्के. लोक महिनाभर मेशशी झगडतात आणि चूक निघते ती गेजच्या जागेत.

आणखी एक बारकावा, जो फक्त पातळ भिंतीतच त्रास देतो. गेजची जाळी पृष्ठभागावर नसते. पाठीचं प्लास्टिक आणि गोंद धरून ती ०.०५ ते ०.०७ मिमी वर तरंगते. २ मिमीच्या भिंतीत वाकणुकीचा तटस्थ थर १ मिमी आत असतो, म्हणून भिंतीच्या स्थानिक वाकणुकीचा भाग ५ ते ७ टक्के जास्त दिसतो. २० मिमीच्या प्लेटवर हे कोणी लक्षातही घेत नाही. मॉडेलमधून आतल्या आणि बाहेरच्या पृष्ठभागाचा स्ट्रेन काढून वाकणुकीचा भाग वेगळा करा आणि तेवढ्यालाच ही दुरुस्ती लावा.

मॉडेलबद्दल. शेल एलिमेंट, म्हणजे भिंत तिच्या मधल्या पृष्ठभागाने दाखवणारे तुकडे, या जोडाला योग्य नाहीत. शेलमध्ये दोन नळ्या मधल्या पृष्ठभागावर मिळतात आणि ती मिळणारी रेषा प्रत्यक्षात वेल्डच्या पोटात असते. तुमचा वेल्ड लेग, म्हणजे वेल्डच्या त्रिकोणाची बाजू, ४ मिमी असेल तर तो भिंतीच्या दुप्पट झाला. शेलमध्ये तो दिसतच नाही. सॉलिड (घन) एलिमेंट घ्या, क्वाड्रॅटिक (कडेवर मधलाही बिंदू असलेले), टोपाजवळ ०.४ ते ०.५ मिमी, ०.८ आणि २.० मिमीवर नोड येतील असा मेश. वेल्डचा आकार ड्रॉइंगमधला नको, प्रत्यक्षातला हवा. दंतवैद्य वापरतात तसलं सिलिकॉन इम्प्रेशन मटेरियल टोपावर दाबा, काढून ब्लेडने पातळ काप घ्या आणि प्रोफाइल प्रोजेक्टरवर दोन्ही लेग, टोपाचा कोन आणि अंडरकट (टोपाशी नळीत पडलेली खाच) मोजा. क्राउनवर वर-खाली आणि सॅडलवर डावी-उजवी अशा चार ठिकाणी घ्या. गोल नळीभोवती हात फिरवताना वेल्डरचा लेग सगळीकडे सारखा राहत नाही. आणि रूट: ब्रेसची कापलेली कड कॉर्डला जिथे नुसती टेकली आहे, वितळून जुळलेली नाही, तिथे मॉडेलमध्ये फट ठेवा. दोन्ही घन एकत्र 'मर्ज' केले की जोड प्रत्यक्षापेक्षा ताठ होतो.

आता तुलना. वॉन मिसेस, म्हणजे सगळ्या दिशांचे स्ट्रेस एकत्र करून काढलेला आकडा, नको. गेजच्या जागी, गेजच्या दिशेचा स्ट्रेन मॉडेलमधून काढा, जाळीच्या लांबीभर सरासरी घ्या, आणि टोपापासूनच्या अंतरावर दोन्ही एकाच आलेखावर टाका. टोपाजवळ पाच जाळ्यांवर १० टक्क्यांच्या आत बसलं तर मी मॉडेल स्वीकारतो. बसलं नाही तर फरकाची जात पाहायची. सगळे बिंदू एकाच पटीत चुकले असतील तर जाडी, भार किंवा गेज फॅक्टर (रेझिस्टन्सच्या बदलावरून स्ट्रेन काढायचा गुणक). लांबचे बरोबर आणि टोपाजवळ मोजलेला कमी, तर वेल्डचा लेग मॉडेलपेक्षा मोठा आहे. टोपाजवळ मोजलेला जास्त, तर अंडरकट किंवा कॉर्डची भिंत तिथे पातळ. स्ट्रेन जुळतो पण टोकाचं खाली जाणं जुळत नाही, तर फिक्स्चर लवतंय. भार वाढवताना रेषा वाकते, तर क्लॅम्प सरकतोय किंवा रूटची फट मिटतेय. ताणल्या आणि दाबल्या जाणाऱ्या बाजूंचे आकडे असमान आले तरी संशय पहिल्यांदा फटीवरच घ्यायचा.

जुळल्यावर हॉट स्पॉट मॉडेलमधून घ्या. आयआयडब्ल्यूचं (आंतरराष्ट्रीय वेल्डिंग संस्थेचं) सूत्र: १.६७ गुणिले ०.४ पट जाडीवरचा स्ट्रेस, वजा ०.६७ गुणिले १.० पट जाडीवरचा. समजा ०.८ मिमीवर १४८ आणि २.० मिमीवर १२४ एमपीए आले, तर हॉट स्पॉट १६४ एमपीए. नॉमिनल स्ट्रेस (ब्रेसच्या साध्या वाकण्याचा) कॉर्डच्या पृष्ठभागापाशी ७३ एमपीए, म्हणून एससीएफ, म्हणजे हॉट स्पॉट भागिले नॉमिनल, २.२४. दुसरा मार्ग म्हणून टोपाखाली भिंतीच्या जाडीतून स्ट्रेसचं मेंब्रेन (जाडीभर सारखा) अधिक बेंडिंग (जाडीत सरळ रेषेत बदलणारा) असं लिनियरायझेशन करा. दोन्ही आकडे जवळ यायला हवेत. टोपाखाली १ मिमी खोलीवरचा स्ट्रेस घ्यायची जी पद्धत आहे ती इथे निरुपयोगी, कारण २ मिमीच्या भिंतीत १ मिमी म्हणजे तटस्थ थरच.

तिसरा, हाताने करायचा ताळा: नळ्यांच्या जोडांचा एससीएफ काढायची एफ्थिमिऊची सूत्रं. व्यासांचं गुणोत्तर ०.६६७, कॉर्डचा व्यास भागिले दुप्पट जाडी ९.५, जाड्यांचं गुणोत्तर ०.८, तिन्ही सूत्रांच्या मर्यादेत बसतात. पातळीतल्या बेंडिंगला कॉर्ड क्राउनचा एससीएफ २.७४ आणि ब्रेसचा २.४५ येतो. तुमचा आकडा यापेक्षा थोडा कमी येणं स्वाभाविक आहे, कारण भिंतीच्या मानाने वेल्ड मोठा असल्याने टोप छेदरेषेपासून लांब सरकतो. पण १.२ किंवा ५ आला तर मॉडेलमध्ये काहीतरी मोठं चुकलं आहे.

डीआयसी कॅमेरा, म्हणजे पृष्ठभागावरच्या ठिपक्यांच्या फोटोंवरून स्ट्रेन काढणारा, चालेल का? त्याचा गोंगाटच सहसा ५० ते १०० मायक्रोस्ट्रेनचा असतो. २७० च्या नॉमिनलवर तो परवडत नाही, आणि टोपाच्या अगदी कडेला अर्धा फॅसेट (फोटोतला मोजणीचा छोटा चौकोन) कापला जाऊन नेमकी हवी ती जागाच गळते. थर्मोइलॅस्टिक कॅमेरा मिळत असेल तर तो बरा: आवर्ती भाराखाली पोलाद दर एमपीएला सुमारे १ मिलीकेल्विन तापतं-निवतं, आणि हॉट स्पॉट क्राउनवरच आहे की क्राउन आणि सॅडलच्या मध्ये सरकला आहे हे एका चित्रात कळतं. पण तो मुख्य ताणांची बेरीज देतो, गेजच्या दिशेचा स्ट्रेन नाही. गेज कुठे लावायचे ते ठरवायला तो वापरा.

नॉच स्ट्रेसची पद्धत (टोप ठरावीक त्रिज्येने गोल धरून तिथला स्ट्रेस काढायची) वापरणार असाल तर पातळ भिंतीला १ मिमी त्रिज्या घालू नका. २ मिमीच्या भिंतीतली निम्मी जाडी ती खाऊन टाकते. ५ मिमीखालच्या जाडीसाठी ०.०५ मिमी त्रिज्या आणि फॅट (२० लाख आवर्तनांना चालणारी स्ट्रेसची रेंज, एमपीएमध्ये) ६३० घेतात, आणि मेश त्रिज्येच्या चौथ्या भागाचा, म्हणजे ०.०१२५ मिमीचा. तो सबमॉडेलमध्येच, म्हणजे टोपाजवळच्या भागाच्या वेगळ्या बारीक मॉडेलमध्येच, शक्य आहे. या स्ट्रेसची गेजने पडताळणी होत नाही. सबमॉडेलच्या कडेचा स्ट्रेन जुळला एवढंच म्हणता येतं.

शेवटची चाचणी फटीगची. हॉट स्पॉट स्ट्रेसची रेंज २०० एमपीए ठेवली तर फॅट ९० च्या रेषेवर सुमारे १,८२,००० आवर्तनं येतात. ही डिझाइन रेषा आहे, सरासरीच्या बरीच खाली; प्रयोगशाळेतला नमुना त्याहून जास्त टिकायला हवा. जाडी कमी म्हणून आयुष्य जास्त, ही वाढ ४ मिमीच्या खाली घेऊ नका. पातळ भिंतीत अंडरकट सगळं खाऊन टाकतो: १.६ मिमीच्या भिंतीत ०.२ मिमीचा अंडरकट म्हणजे वाकणुकीचा ताण ३० टक्क्यांनी जास्त, तोच १० मिमीच्या प्लेटमध्ये ४ टक्के. दर १०,००० आवर्तनांना थांबून डाय पेनिट्रंट (क्रॅक उठून दाखवणारा रंग) मारा. क्रॅक मॉडेलने सांगितलेल्या टोपावर न उगवता वेल्डच्या मध्यातून वर आला तर तो रूटमधून आला आहे. मग टोपाचा एससीएफ कितीही जुळो, तो या जोडाचं आयुष्य ठरवत नाही. नमुना क्राउनमधून उभा कापा, पॉलिश करून नायटलने (नायट्रिक आम्ल आणि अल्कोहोलच्या मिश्रणाने) एच करा, वेल्ड किती खोल शिरला आहे ते मोजा आणि रूटच्या फटीची मॉडेलमधली लांबी त्या मापाने बदला.